काझ्याच्या पहाटे न उठलेली गाडी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

दिवाळी सरली की हिमाचल आणि लडाखकडे स्वतःच्या गाडीने निघणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांची पत्रे या सदराकडे येऊ लागतात. यंदाची पाच पत्रे थंडीत डिझेल गाडी सुरू करण्याविषयीच आहेत, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर मुद्दाम लांबवले आहे, कारण इतरांच्या शंकांची मुळेही त्यातच आहेत.

प्रश्न : गेल्या जानेवारीत आम्ही फोंड्याहून स्पितीला गाडी नेली. गाडी २०१५ ची, चार सिलिंडरची कॉमन रेल डिझेल आहे. काझ्यात दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता ती सुरू होईना. सेल्फ फिरत होता, पण नेहमीपेक्षा संथ. सायलेन्सरमधून पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर येत होता. अकरा वाजता ऊन वर आल्यावर शेजारच्या जीपवरून केबल जोडली तेव्हा ती सुरू झाली. परतल्यावर गॅरेजमध्ये दाखवली, तर तिथे ती अर्ध्या सेल्फवर उठते आणि मिस्त्री म्हणतात की काहीच बिघाड नाही. बॅटरी चार वर्षांची आहे. यंदा पुन्हा जायचे आहे आणि आई-बाबाही सोबत असतील. बिघाड नव्हता, तर गाडी अडली का? (एक वाचक, फोंडा)

उत्तर : तुमच्या मिस्त्रींनी जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगितले आहे. जानेवारीच्या पहाटेही पणजीत पारा साधारण २० अंशांच्या आसपास असतो, आणि तेवढ्या उबेत कॉमन रेल (सर्व सिलिंडरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल पुरवणारे) डिझेल इंजिन आपल्या बऱ्याचशा दुखण्यांवर पांघरूण घालून सुरू होते. माझ्या मते तुमच्या गाडीत तीन-चार जुनी दुखणी आधीपासूनच होती, गोव्याच्या हवेने ती झाकून ठेवली होती आणि काझ्याच्या एका पहाटेने ती सगळी एकदम उघडी पाडली. त्यांचा शोध निघण्यापूर्वी फोंड्यातच घ्यायला हवा. तिथे पोहोचल्यावर हातात फारसे काही उरत नाही.

डिझेल इंजिनात ठिणगी नसते, हे प्रथम लक्षात घेऊ. सिलिंडरमधली हवा सोळा-सतरा पट दाबली जाते, त्या दाबाने ती तापते, आणि नोझलमधून फवारलेले डिझेल त्या तापलेल्या हवेत आपोआप पेटते. हवा ३० अंशांवर असताना दाबायला सुरुवात केली तर गणिताप्रमाणे ती ५०० अंशांच्या पुढे जाते. उणे २० अंशांपासून सुरुवात केली, तर आरंभीचा ५० अंशांचा फरक दाबाच्या शेवटी १०० अंशांहून मोठा झालेला असतो. त्यात इंजिनाचे गारठलेले धातू उष्णता शोषून घेतात, आणि सेल्फ संथ फिरत असेल तर हवेला रिंगांच्या फटींतून निसटायला अधिक वेळ मिळतो. काझा साडेतीन हजार मीटरांहून उंच आहे. तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन तृतीयांश भरतो, म्हणजे दाबायला हवाच कमी मिळते. या सगळ्याची वजाबाकी झाली की उरलेली उष्णता डिझेल पेटवायला अपुरी पडते.

तुमच्या पत्रातली सर्वांत मोलाची माहिती म्हणजे पांढरा, झोंबणारा धूर. तो न जळलेल्या डिझेलचा असतो. याचा अर्थ डिझेल टाकीत गोठले नव्हते, फिल्टर तुंबला नव्हता आणि पंप व नोझल आपले काम करत होते. सिलिंडरपर्यंत डिझेल पोहोचत होते आणि तिथे त्याला पुरेशी उष्णता मिळत नव्हती. सेल्फ फिरूनही धूर अजिबात आला नसता, तर मी तुम्हाला टाकी आणि फिल्टरकडे पाहायला सांगितले असते. वाचकांपैकी ज्यांच्यावर असा प्रसंग येईल त्यांनी बॉनेट उघडण्यापूर्वी गाडीच्या मागे जाऊन धूर पाहावा. अर्धे निदान तिथेच होते.

उष्णतेची उणीव भरून काढण्यासाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये एक ग्लो प्लग असतो, ज्याला आपल्याकडचे मिस्त्री हीटर प्लग म्हणतात. चावी पहिल्या टप्प्यावर फिरवल्यावर डॅशबोर्डवर पिवळ्या वेटोळ्याचे जे चिन्ह उजळते ते त्याचेच, आणि प्लगचे टोक काही सेकंदांत ८०० अंशांच्या वर जाते. गोव्यात हे प्लग मेले तरी कळत नाही. चारांपैकी दोन, कधी चारही निकामी असलेल्या गाड्या आपल्याकडे वर्षानुवर्षे विनातक्रार चालतात, कारण इथल्या हवेला त्यांची गरज क्वचितच पडते. आणि बऱ्याच गाड्यांत ते पिवळे चिन्ह ठरावीक वेळ उजळून विझते, प्लग जिवंत असो वा नसो. त्यामुळे चिन्ह दिसते म्हणून निश्चिंत राहू नका. इंजिन थंड असताना प्रत्येक प्लगची वायर काढून मल्टिमीटरने रोध मोजायला सांगा. चांगल्या प्लगचा रोध साधारण एक-दोन ओमच्या आत असतो आणि मेलेल्या प्लगमधून प्रवाह जातच नाही. काही नव्या गाड्यांतले प्लग कमी व्होल्टेजचे असतात, म्हणून ते तपासण्यासाठी थेट बॅटरीला जोडण्याची जुनी सवय मिस्त्रींनी सोडायला हवी. एक प्लग गेला असेल तर चारही बदला. ते काढताना घाई नको, कारण आपल्या दमट हवेत प्लगचे आटे हेडमध्ये (सिलिंडरांवरच्या झाकणात) धरून बसतात आणि जोर लावला तर प्लग आतच तुटतो, मग हेड उतरवावे लागते. इंजिन कोमट असताना, आट्यांत गंज सोडवणारे तेल मुरू देऊन, हलक्या हाताने ते काढावेत. प्रवासाला निघालेल्या गाडीला वाटेत हे काम करता येत नाही, म्हणून निघण्याआधी निदान दोन आठवडे ते हाती घ्या.

दुसरे दुखणे संथ सेल्फचे आहे. शिसे-आम्लाच्या बॅटरीची सेल्फ फिरवण्याची ताकद २७ अंशांना जेवढी असते तिच्या सुमारे ४० टक्केच ती उणे १८ अंशांना उरते, आणि नेमक्या त्याच वेळी घट्ट झालेल्या ऑइलमुळे इंजिन फिरवायला जास्त ताकद लागते. गोव्याची उष्णता बॅटरीच्या आतल्या जाळ्या वर्षभर झिजवत असते, ही गोष्ट आपण विसरतो. चार वर्षांची बॅटरी इथे सेल्फ फिरवते म्हणून ती धडधाकट आहे असे समजू नका. बॅटरीच्या दुकानात लोड टेस्टरवर तिची परीक्षा घ्या आणि काठावर असेल तर बदलून टाका. नवी घेताना तिच्यावर छापलेला सीसीए हा आकडा पाहा. उणे १८ अंशांना ३० सेकंद किती प्रवाह देता येईल याचे ते माप आहे आणि गाडीच्या पुस्तिकेत सांगितल्यापेक्षा ते कमी असू नये.

बॅटरी नवी घेऊनही काही गाड्यांचा सेल्फ संथच राहतो, आणि याचे कारण बहुधा खास आपल्या किनाऱ्याचे असते. खाऱ्या हवेने इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी आतून गंजते. वरून ती ठीक दिसते. सेल्फ मारत असताना मल्टिमीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकावर आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवून पाहायला सांगा. काटा अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर ती पट्टी काढून, टोके घासून किंवा नवी घालून बसवावी. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि गॅरेजमध्ये ती जवळजवळ कधीच होत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

ऑइलचे तुम्ही लिहिले नाही, परंतु आपल्याकडे बहुतेक गॅरेजांत सरसकट १५डब्ल्यू-४० भरले जाते. त्यातल्या डब्ल्यू या अक्षराचा संबंध हिवाळ्याशी आहे. १५डब्ल्यू ऑइलची थंडीतली चाचणी उणे २० अंशांना होते आणि ५डब्ल्यूची उणे ३० अंशांना, म्हणजे काझ्याच्या जानेवारीत १५डब्ल्यू आपल्या मर्यादेच्या काठावर असते. तुमच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० ची शिफारस असेल तर निघण्यापूर्वी तेच भरून घ्या.

आता काझ्यातल्या सकाळविषयी. रात्री गाडी भिंतीच्या आडोशाला, शक्यतो सकाळचे ऊन लवकर येईल अशा बाजूला लावावी. हँडब्रेक ओढू नये, कारण ओले ब्रेक पहाटेपर्यंत गोठून चिकटतात. गाडी गिअरमध्ये ठेवून चाकांना दगड लावणे पुरेसे आहे. जमत असेल तर रात्री बॅटरी काढून खोलीत ठेवा, काढताना आधी ऋण तार आणि जोडताना ती शेवटी. सकाळी दिवे, पंखा आणि रेडिओ बंद ठेवून चावी पहिल्या टप्प्यावर न्यावी, पिवळे चिन्ह विझेपर्यंत थांबावे, चावी मागे घेऊन हेच आणखी दोनदा करावे, आणि मग गिअर न्यूट्रलमध्ये आणून, क्लच पूर्ण दाबून सेल्फ मारावा. क्लच दाबल्याने गिअरबॉक्समधले घट्ट तेल ढवळण्याचे ओझे सेल्फवरून उतरते. दहा-पंधरा सेकंदांच्या पुढे सेल्फ मारू नये आणि दोन प्रयत्नांत निदान एक मिनिट जाऊ द्यावे. अॅक्सिलरेटर दाबत राहण्याने कॉमन रेल गाडीत काहीही साधत नाही. कोणी इंजिनात फवारायचे स्टार्टिंग स्प्रे देऊ केले तर नम्रपणे नाही म्हणा. त्यातले इथर तापलेल्या ग्लो प्लगवर अवेळी पेटते आणि पिस्टन किंवा हेड फुटू शकते.

केबल जोडण्याची वेळ आलीच तर धन टोक धन टोकाला जोडावे, आणि शेवटची ऋण तार बंद गाडीच्या बॅटरीला न लावता तिच्या इंजिनाच्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावी. बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटण्याचा धोका त्यामुळे टळतो. बॅटरी रात्रीतून पूर्ण उतरली असेल आणि तिची पेटी फुगलेली दिसत असेल, तर केबल लावूच नका. उतरलेल्या बॅटरीतले आम्ल जवळजवळ पाणीच झालेले असते आणि उणे ७-८ अंशांनाच ते गोठू शकते.

प्रश्न : मी तीस वर्षे खाणीवरच्या ट्रकवर चालक होतो, आणि त्याआधी मालाची गाडी घेऊन काश्मीरपर्यंत जाऊन आलो आहे. त्या काळी थंडीत आम्ही डिझेलमध्ये घासलेट मिसळत असू आणि पहाटे टाकीखाली बोळा पेटवून ऊब देत असू. पुतण्या नव्या गाडीने ऑक्टोबरअखेर लेहला निघाला आहे. तो म्हणतो, काका, हे आता चालत नाही. आमच्या गाड्यांना चालत होते, तर आता का चालू नये? (एक वाचक, डिचोली)

उत्तर : तुमचा अनुभव खोटा नाही आणि तुमचा पुतण्याही बरोबर आहे, मधल्या काळात इंजिन बदलले. डिझेलमध्ये मेणासारखे पॅराफिन असते. ते मुद्दाम ठेवावे लागते, कारण डिझेल सहज पेटते ते त्याच्यामुळेच. तापमान उतरू लागले की प्रथम डिझेल गढूळ दिसते, मग मेणाचे बारीक कण फिल्टरच्या कागदावर साचून तो तुंबतो, आणि त्याहून थंडीत डिझेल वाहायचेच थांबते. भारतीय मानकाप्रमाणे फिल्टर तुंबण्याचे तापमान हिवाळी डिझेलसाठी जास्तीत जास्त ६ अंश आणि उन्हाळी डिझेलसाठी १८ अंश असू शकते. मैदानात हे आकडे पुरतात, लेहमध्ये नाही. घासलेटात मेण फार कमी असल्याने ते मिसळल्यावर मिश्रण उशिरा तुंबत असे, एवढे तुमच्या उपायाचे विज्ञान होते.

तुमच्या ट्रकच्या पंपाला इंजिन ऑइलचे वंगण मिळत असे आणि नोझल जाड कामाचे होते. आजच्या कॉमन रेल पंपाला वंगण फक्त त्यातून जाणाऱ्या डिझेलचेच असते आणि तो पंप १,६०० बार किंवा त्याहूनही अधिक दाब तयार करतो. घासलेटाला तसा बुळबुळीतपणा नसतो. पंप आतून खरवडला गेला की धातूचा चुरा रेलमधून चारही इंजेक्टरपर्यंत जातो, आणि तो खर्च पाहून माणूस गाडी विकायचा विचार करतो. पेट्रोल मिसळणे त्याहून घातक, कारण तशी टाकी सहज भडकते. टाकीखालच्या बोळ्याबद्दल तर मी कळकळीने सांगतो की पुतण्याला ती गोष्ट आठवण म्हणून सांगा, उपाय म्हणून सांगू नका. बहुतेक नव्या गाड्यांची टाकी प्लॅस्टिकची असते आणि तिच्या आसपास प्लॅस्टिकच्याच नळ्या व वायरी असतात.

त्याने काय करावे ते असे. इंडियन ऑइलने नोव्हेंबर २०१९ मध्ये लडाखसाठी खास हिवाळी डिझेल आणले, जे उणे ३३ अंशांपर्यंत वाहते राहते. गोव्यात भरलेले डिझेल वाटेतच संपते, धोका असतो तो मैदानात शेवटच्या पंपावर काठोकाठ भरून थेट वर नेलेल्या टाकीचा. वर पोहोचता पोहोचता टाकी बरीच रिकामी होईल असा हिशोब ठेवावा, मात्र घाटात डिझेल संपण्याइतका ताणू नये, आणि मग तिथल्या पंपावर हिवाळी डिझेल आहे का हे विचारून भरावे. गोठणरोधक द्रव घालायचा असेल तर तो डिझेल थंड होण्याआधी घालावा, कारण एकदा जमलेले मेण तो विरघळवत नाही. निघण्यापूर्वी डिझेल फिल्टर बदलावा आणि त्याच्या तळाचे पाणी काढून टाकावे. आपल्याकडे चार महिने पावसाळी हवेत राहिलेल्या टाकीत दवाचे पाणी हमखास साचते, आणि मेण जमण्याच्या कितीतरी आधी, शून्य अंशालाच ते पाणी बर्फ होऊन नळी अडवते.

गाडी सुरू होऊन पाच-दहा मिनिटांत मान टाकत असेल तर फिल्टर मेणाने तुंबला असे समजावे. अशा वेळी सेल्फ मारत बसू नये. फिल्टरच्या डब्यावर गरम पाण्यात भिजवून पिळलेले फडके गुंडाळावे, ते निवले की बदलावे, आणि गाडी ढकलून उन्हात न्यावी.

प्रश्न : आमची बीएस-६ डिझेल गाडी ऑटोमॅटिक आहे आणि तिला डीईएफ द्रव लागतो. हा द्रव थंडीत गोठतो असे ऐकले. डिसेंबरात मनाली आणि केलांगला जायचे आहे. तसेच बटण दाबून सुरू होणाऱ्या गाडीत ग्लो प्लगची वाट कशी पाहायची, आणि सकाळी गाडी वीस मिनिटे उभी चालवावी का? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : डीईएफ, म्हणजे धुरातले घातक वायू कमी करणारा युरियाचा द्रव, उणे ११ अंशांना गोठतो, हे खरे आहे, आणि अटल बोगद्यापलीकडच्या केलांगला डिसेंबरात तेवढी थंडी पडते. पण गाड्या हे गृहीत धरून बनवलेल्या असतात. टाकीत तापक असतो आणि द्रव गोठलेला असतानाही इंजिन सुरू होते. त्यात गरम पाणी किंवा दुसरे काही मिसळू नये, आणि फुगायला जागा राहावी म्हणून टाकी काठोकाठ भरू नये. बटणाच्या गाडीत ब्रेकवरचा पाय काढून बटण दोनदा दाबले की बहुतेक गाड्यांत पिवळे चिन्ह उजळते. ते विझल्यावर ब्रेक दाबून गाडी सुरू करावी. ऑटोमॅटिक गाडी ढकलून सुरू होत नाही, म्हणून स्वतःची जाड तारांची जम्पर केबल सोबत ठेवा.

वीस मिनिटे उभी चालवण्याची गरज नाही. उभ्या गाडीत डिझेल इंजिन फार हळू तापते आणि काजळीने डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारी गाळणी) भरत जातो. मिनिटभर थांबून, वेग न वाढवता हळू निघावे. रात्री बर्फ पडला असेल तर सुरू करण्यापूर्वी सायलेन्सरचे तोंड मोकळे करणे मात्र कधीही विसरू नका. ते बुजलेले असताना आत बसून हीटर चालवला तर कार्बन मोनॉक्साइड गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

प्रश्न : माझ्या जुन्या डिझेल जीपमध्ये मी कायम घरच्या विहिरीचे पाणी भरत आलो आहे, कधी काही झाले नाही. मुलगा ती घेऊन हिमाचलला जाणार आहे. कूलंट खरोखर लागते का? (एक वाचक, काणकोण)

उत्तर : लागतेच. पाण्याचा बर्फ होताना ते सुमारे ९ टक्के फुगते आणि लोखंडी ब्लॉकला चीर पडायला एक रात्र पुरते. अशी गाडी सकाळी सुरू न झालेलीच बरी. इथिलीन ग्लायकॉलचे कूलंट आणि शुद्ध पाणी निम्मे-निम्मे मिसळले तर ते सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. विहिरीच्या पाण्यातले क्षार आणि गंज रेडिएटरमध्ये साचलेला असेल, म्हणून आधी सगळे पाणी काढून, केबिनच्या हीटरची नळी उघडी ठेवून आतून धुऊन घ्या. कूलंट नुसते वरून ओतले तर जुन्या पाण्यामुळे त्याचे प्रमाण बिघडते. डिस्टिल्ड पाणी वापरा. एक सूचना जरूर पाळा : जुनी गाडी धुतल्यावर गंजाने बुजलेली एखादी गळती उघडी पडते, तेव्हा हे काम करून गाडी आठवडाभर काणकोणातच चालवा आणि मगच मुलाच्या हाती द्या.

प्रश्न : आम्ही कुठेही जाणार नाही. पण वाळपईत डिसेंबरच्या पहाटे आमची डिझेल गाडी सुरू झाल्यावर मिनिटभर पांढरा धूर सोडते आणि थरथरते. नंतर ठीक चालते. दुर्लक्ष करावे का? (एक वाचक, वाळपई)

उत्तर : करू नये. सत्तरी तालुक्यातली पहाट पणजीपेक्षा थंड असते, आणि एखादा ग्लो प्लग मेला असेल तर चारांपैकी एक सिलिंडर तापेपर्यंत पेटत नाही. थरथर त्याचीच आहे. वर सांगितल्याप्रमाणे चारही प्लग मोजून घ्या. धुराचा वासही पाहा. झोंबणारा असेल तर ते डिझेल आहे. गोडसर वास असेल आणि इंजिन तापल्यावरही धूर राहत असेल, तर सिलिंडरमध्ये कूलंट झिरपत आहे. मग गाडी न चालवता आधी कूलंटची पातळी पाहा आणि हेड गास्केट तपासून घ्या.